मावशींच्या चुलीवरचं राज्यशास्त्र

साम्यवाद, उदारमतवाद, गांधीवाद, हुकूमशाही ह्या विषयांवरची जाडजूड पुस्तकं हल्ली माझ्या नातवाच्या टेबलावर पडलेली असतात. परीक्षा तोंडावर आली की तो ती उघडतो आणि मला विचारतो, "आजोबा, तुमच्या वेळी होतं का हे सगळं?" होतं म्हणजे? मी हे सगळं जेवलेलो आहे, आणि त्यातलं बरंचसं करपलेलं होतं.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी पनवेलच्या मोटारस्टँडवर तिकिटाच्या खिडकीत बसायचो. रेल्वे अजून गावात आलेली नव्हती, त्यामुळे मुंबईहून पुण्याला किंवा खाली कोकणात निघालेला प्रत्येक माणूस एकदा तरी माझ्या खिडकीत हात घालून गेला, असं म्हणायला हरकत नाही. दिवसभर त्या हातांवर खेकसून खेकसून माझा स्वभाव तिरसट झाला. बायको म्हणते तो आधीपासूनच तसा होता. तिला काय माहीत, ती नंतर आली.

तेव्हा मी सडाफटिंग होतो. बाजारपेठेच्या मागच्या आळीत एक खोली आणि दोन्ही वेळचं जेवण मावशींच्या खानावळीत. मावशी जवळच्या ओवे गावच्या सून. नवरा मिठागरावर कामाला होता, तो तरुणपणीच गेला. सासरच्यांचं पनवेलात एक कौलारू घर होतं. तिथे मावशींनी चूल मांडली आणि परगावच्या नोकरदारांना जेवू घालायला सुरुवात केली. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, भात, ओल्या नाहीतर सुक्या मासळीचं कालवण आणि न खाणाऱ्यांसाठी वालाचं बिरडं. मला एकदा मलेरियानं धरलं तेव्हा ह्या बाईनं पंधरवडाभर पेज माझ्या खोलीवर आणून दिली होती. तेव्हापासून तिच्याविषयी कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरायचं.

घराची एक भानगड होती. नवरा गेल्यावर ओव्याच्या दोन जाणत्या म्हाताऱ्यांनी बसून निवाडा दिला होता की, बाई जोवर खानावळ चालवील तोवर घर बाईचं. खानावळ बंद पडली की घर पुतण्याचं. पुतण्या तेव्हा शेंबडा होता. आता त्याला मिशी फुटली होती आणि त्या जागेत संगमरवरी टेबलांचं, रेडिओ लावलेलं चहाचं हॉटेल काढायची स्वप्नं पडत होती. तो रोज समोरच्या पानवाल्याकडे उभा राहून आमच्या कौलांकडे बघायचा. आमच्या म्हणजे मावशींच्या.

नेमानं जेवणारे आम्ही पाचजण. माझ्याशिवायचे चौघे कमालीचे शिकलेले होते, आणि ते त्यांनी एकमेकांना कधी विसरू दिलं नाही.

भाताच्या गिरणीतला हिशेबनीस साम्यवादी होता. जगात जे जे घडतं ते अटळ असतं आणि ते घडवण्यासाठी आपण जिवाचं रान केलं पाहिजे, ह्या दोन्ही गोष्टींवर त्याची सारखीच श्रद्धा होती. शाळेतले मास्तर गांधीवादी. खादी, सूतकताई आणि सत्य. सत्य तर ते कुणी न विचारताही बोलायचे. तिसरा विम्याचा एजंट. सरकारनं फक्त रस्ते बांधावेत, चोर पकडावेत आणि बाकी माणसाला मोकळं सोडावं, स्पर्धेतून सगळ्यांचं भलं होतं, असं त्याचं म्हणणं. पुढे सरकारनं विम्याचा धंदाच ताब्यात घेतला, हा गृहस्थ आपोआप सरकारी नोकर झाला, पेन्शनीत निघाला, आणि मरेपर्यंत त्या पेन्शनीवर खाजगी उद्योगाचे गोडवे गात राहिला. चौथा मामलेदार कचेरीतला कारकून. ह्या देशाला लोकशाही पेलणार नाही, इथे एक खमक्या हुकूमशहा पाहिजे, असं तो आमटी भुरकताना सांगायचा. घरी बायको होती, तिला घाबरून त्यानं बदली मागून घेतली होती.

माझं तत्त्वज्ञान विचाराल तर जगात माणसं दोनच प्रकारची. रांगेत उभी राहणारी आणि खिडकीत हात घालणारी. त्यावर अजून कुणी पुस्तक लिहिलेलं नाही.

ह्या चौघांचा वाद पहिल्या भाकरीला सुरू व्हायचा आणि ताटातले हात वाळून कडक होईपर्यंत चालायचा. मावशी वेळणीत भात घेऊन दारात उभ्या असायच्या. पहिल्या निवडणुकीत चौघांनीही त्यांना एकेकटं गाठून आपापल्या उमेदवाराला मत द्यायला सांगितलं होतं. मावशी चौघांनाही "बरा" म्हणाल्या होत्या. मतपत्रिका कुठल्या पेटीत टाकली ते कुणालाच कळलं नाही.

आणि मग त्यांच्या लेकीचं बाळंतपण आलं. लेक दिली होती आपटा गावी. सासू नव्हती, करणारं कुणी नव्हतं. मावशींना जाणं भाग होतं.

पुतण्या त्याच दिवशी हजर झाला. "काकी, सवा म्हैना चूल बंद म्हंजे खानावल बंद," तो दारातूनच म्हणाला. "मंग म्हाताऱ्यांचा शबूद हाय. घर माजा."

मावशींनी गाठोडं बांधता बांधता मान वर केली. "बंद कोन बोलला? ह्ये पाच बापे हायेत ना. ह्ये चालवतील." मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "चांगला रांधा असा मी बोलत नाय. पन चूल पेटली पायजे दोन टायमाला. सांभाला येवडा."

आम्ही पाचही जणांनी छातीवर हात ठेवला. मावशी टांग्यात बसल्या, टांगा वळला, आणि मास्तरांनी पहिलं वाक्य उच्चारलं, "आता प्रथम आपण कोणत्या तत्त्वावर ही खानावळ चालवायची, ते ठरवू."

तिथेच मी त्यांच्या तोंडात बोळा कोंबायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी सातला बैठक सुरू झाली. लोकशाही मार्गानं चालवावं, हे बऱ्याच चर्चेनंतर तात्पुरतं मान्य झालं. कारकुनानं विरोध नोंदवला. मग काय शिजवायचं ह्यावर मतदान. गुप्त मतदान हवं, म्हणून प्रत्येकानं पाठ करून चिठ्ठी लिहिली आणि लोट्यात टाकली. पाच मतदार, पाच पदार्थ. दुसरी फेरी झाली. तिसऱ्या फेरीच्या आधी विमा एजंट कारकुनाला परसात घेऊन गेला, तिथे काहीतरी खलबत झालं, आणि तीन विरुद्ध दोन मतांनी बटाट्याची भाजी निवडून आली.

मग प्रश्न आला, ती करायची कुणी? बहुमतवाले म्हणाले, बहुमताचा निर्णय अल्पमतानं पाळायचा असतो, तेव्हा तुम्ही दोघं करा. मास्तर म्हणाले, ज्यांना जनतेचा कौल मिळाला त्यांनीच तो अमलात आणायचा असतो. साडेबारा वाजले. बटाटे टोपलीत तसेच बसून होते. मी सहज खिडकीबाहेर पाहिलं तर पुतण्या पानवाल्याकडे उभा, मान वर, नजर कौलांवर.

मी आत धावलो. चुलीत हाताला येतील ती लाकडं कोंबली, रॉकेल ओतलं आणि काडी लावली. लाकडं ओली होती. असा काही धूर निघाला की शेजारची म्हातारी घमेलं घेऊन आग विझवायला आली. आत काहीएक शिजत नव्हतं, पण धूर भरघोस बहुमताचा होता. पुतण्या पिचकारी टाकून निघून गेला. आम्ही पाचजणांनी त्या दिवशी चुरमुरे खाल्ले आणि त्यावर मात्र कुणी मतदान मागितलं नाही.

दोन-तीन दिवस असेच गेल्यावर कारकून उभा राहिला. आणीबाणी आहे, तेव्हा आठवडाभर सगळे अधिकार त्याच्याकडे द्यावेत, परिस्थिती सुधारली की तो ते परत करील. आम्ही इतके भुकेलेले होतो की टाळ्या वाजवल्या. त्यानं कुठूनशी एक शिट्टी आणली. शिट्टीला उठायचं, शिट्टीला पाणी भरायचं, शिट्टीला जेवायला बसायचं. खोटं कशाला बोलू, दोन दिवस जेवण वेळेवर मिळालं. तिसऱ्या दिवशी त्याला संशय आला की त्याच्याविरुद्ध कट शिजतोय. त्यानं साम्यवाद्यावर नजर ठेवायला मला नेमलं आणि माझ्यावर नजर ठेवायला साम्यवाद्याला. आम्ही दोघं स्टँडजवळ चहा प्यायला जायचो आणि संध्याकाळी एकमेकांविषयी उत्तम अहवाल द्यायचो. मग एका सकाळी आळीतून त्याचे कचेरीतले हेडक्लार्क चालले होते. त्यांनी नुसतं आत डोकावून "काय रे?" म्हटलं. आमचा हुकूमशहा पळी पाठीमागे लपवून उभा राहिला, "काही नाही साहेब, काही नाही साहेब." त्यानंतर शिट्टीचा धाक कुणालाच उरला नाही.

आता पाळी साम्यवाद्याची. आणि इथे मला एका फळीविषयी सांगितलं पाहिजे.

खानावळीत जेवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची घरून आलेली एक बरणी असायची. कुणाचं तूप, कुणाचं लोणचं, कुणाची शेंगदाण्याची चटणी. जेवणघरात एक लांब फळी होती, तिच्यावर ह्या बरण्या रांगेनं ठेवलेल्या. जेवायला बसताना आपली बरणी काढायची, आपल्याच भातावर तूप घालायचं, झाकण घट्ट लावायचं आणि परत ठेवायची. शेजाऱ्याला विचारायचं नाही, शेजाऱ्यानंही बघायचं नाही. मावशींच्या खानावळीत जात कुणी विचारली नाही, पण दुसऱ्याच्या बरणीला हात लावणारा माणूस मी पाहिला नाही.

साम्यवाद्यानं पहिल्याच दिवशी त्या फळीकडे बोट केलं. सगळ्या विषमतेचं मूळ तिथे आहे म्हणाला. विमा एजंटाच्या भातावर साजूक तूप आणि माझ्या भातावर काही नाही, कारण माझ्या आईनं तूप पाठवायचं बंद करून पाच वर्षं झाली होती. (ती वारली होती, पण त्या मुद्द्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.) ज्याला जेवढं जमेल तेवढं त्यानं राबावं आणि ज्याला जेवढं लागेल तेवढं त्यानं घ्यावं, असं तत्त्व जाहीर झालं. बरण्या पाटावर मधोमध आल्या. खाजगी मालकी संपली.

मला ही राज्यपद्धती फारच आवडली. मला खूप लागायचं आणि विशेष जमायचं काहीच नाही.

विमा एजंट मात्र डोळ्यांत पाणी आणून तुपाच्या बरणीकडे बघत होता. मास्तरांनी मध्यममार्ग सुचवला. बरणी जबरदस्तीनं घेणं ही हिंसा आहे. त्यापेक्षा मालकानं स्वतःला त्या तुपाचा विश्वस्त समजावं, तूप सगळ्यांचं आहे असं मनापासून मानावं आणि हृदयपरिवर्तन झालं की आपणहून वाटावं. एजंट ताबडतोब विश्वस्त व्हायला तयार झाला. बरणी उचलून खोलीवर घेऊन गेला. हृदयपरिवर्तनाची आम्ही बरीच वाट पाहिली.

पण खरा स्फोट नंतर झाला. कारकुनाला हुकूमशाहीच्या काळापासून दुसऱ्यांच्या खोल्यांत डोकावायची सवय लागली होती. त्याला खानावळीच्याच पडवीतल्या खोलीत राहणाऱ्या साम्यवाद्याच्या ट्रंकेत, जाड ग्रंथांच्या खाली, सोड्यांच्या लोणच्याची गच्च भरलेली बरणी सापडली. सोडे म्हणजे सुकवलेली सोललेली कोलंबी. ती आमच्या भागात सोन्यासारखी जपतात. साम्यवाद्याच्या बहिणीनं खास त्याच्यासाठी पाठवली होती. चौघांनी त्याला घेरलं. तो जरासुद्धा डगमगला नाही. म्हणाला, "हा संक्रमणाचा काळ आहे. ह्या काळात काही साधनं तात्पुरती पक्षाकडे ठेवावी लागतात." पक्ष कोण, तर तो एकटाच. शेवटच्या अवस्थेत राज्यसंस्था आपोआप विरून जाते, असं तो नेहमी सांगायचा. ती विरून गेली, पण लोणच्याची बरणी ट्रंकेतच राहिली.

मास्तरांची सत्ता आली तेव्हा आम्ही मनानं खचलो होतो. त्यांनी स्वावलंबन आणि संयम आणला. संयमाची सुरुवात मिठापासून झाली. आठवडाभर अळणी. ज्या गावच्या आसपास उन्हाळाभर मिठाचे ढीग पांढरेशुभ्र चमकतात, तिथे आम्ही पाच मोठे बापे बिनमिठाचे वाल गिळत बसलो होतो. मी स्टँडवर गेलो की शेंगदाणेवाल्याकडून चिमूटभर मीठ मागून जिभेवर ठेवायचो.

शेवटी विमा एजंटानं टेबलावर, म्हणजे पाटावर, मूठ आपटली. "पुरे झालं सामुदायिक! प्रत्येकानं आपापलं शिजवा. ज्याचं चांगलं होईल तो चांगलं खाईल." आणि आश्चर्य म्हणजे सगळ्यांनाच हायसं वाटलं. परसात विटा मांडून चार चुली उभ्या राहिल्या. चार पातेली, चार धूर, चार पाठी एकमेकांकडे वळलेल्या. साम्यवाद्याला भात चांगला जमायचा. एजंट सुक्या बोंबलाचं कालवण झकास करायचा. मास्तरांचे वाल होते. आणि कारकून भाकऱ्या थापून त्यावर डब्याचं झाकण दाबून कडा कापून काढायचा, सगळ्या एका मापाच्या व्हायला हव्यात म्हणून. प्रत्येकाजवळ जेवणाचा एकेक तुकडा होता आणि पूर्ण जेवण कुणाकडेच नव्हतं, पण मागायचं कुणी? मी पाचवी चूल मांडली नाही. दिल्लीत त्या काळी अलिप्ततेचं धोरण चालू होतं, तेच मी उचललं. कोणत्याच गटात गेलो नाही आणि चौघांकडेही जेवलो.

ह्या सगळ्या धांदलीत एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही. आतली चूल, मावशींची चूल, थंड पडली होती.

पुतण्याच्या मात्र लक्षात आली. धूर कौलांतून न येता परसातून येतोय, हे त्यानं पानवाल्याकडे उभं राहून बरोबर टिपलं. मावशी यायला अजून काही दिवस होते. एका दुपारी, मी खिडकी बंद करून नुकताच जेवायला आलो होतो, तेव्हा तो ओव्याच्या त्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन दारात उभा राहिला. बैलगाडीतून भर उन्हात आणलं होतं त्यांना. दोघांच्या डोक्याला लाल टोप्या, हातात काठ्या, चेहऱ्यावर धूळ.

"बघा," पुतण्या म्हणाला. "चुलीत हात घाला. राख बी थंड हाय."

थोरल्या म्हाताऱ्यानं खरंच वाकून चुलीत हात घातला. मग आमच्याकडे बघून विचारलं, "खानावल चालू हाय का बंद?"

माझ्या तोंडात खोटं तयार होतं. अगदी झकास, तिखटमीठ लावलेलं खोटं. पण मास्तर पुढे झाले आणि म्हणाले, "सत्य सांगायचं तर ही चूल गेले आठ-दहा दिवस पेटलेली नाही." मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की अहिंसेवरचा माझा उरलासुरला विश्वास उडाला.

"मागं चार चुली पेटल्यात," साम्यवादी घाईघाईनं म्हणाला.

"ती खानावल नाय," पुतण्या म्हणाला. "ह्ये चार बापे आपापला रांधतात आन् आपापला खातात. खानावल म्हंजे एकानं रांधायचा आन् दुसऱ्याला घालायचा."

आणि तो बरोबर बोलत होता. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहून माना हलवल्या. मावशींचं घर माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं, आणि ते घालवत होते जगातले चार सर्वांत उदात्त विचार. मला मावशी दिसल्या, आपट्यात कुठेतरी नातवंडाला मालिश करत बसलेल्या, इथे चूल पेटलेली आहे असं समजून. माझं डोकं फिरलं. मी खिडकीतल्या आवाजात ओरडलो, "निवाडा नंतर द्या! भर दुपारी माणसं दारात आलीत आणि उभी आहेत. आधी पानावर बसवा त्यांना!"

आता ही एक गोष्ट अशी आहे की तिच्यावर वाद होत नाही. जेवणाच्या वेळेला दारात आलेला माणूस उपाशी परत गेला, हे साम्यवाद्यालाही सहन होत नाही आणि भांडवलशाहीवाल्यालाही नाही. म्हाताऱ्यांनाही नको म्हणता येईना. मी त्यांचे हात धुवायला पाणी दिलं. ते पाटावर बसले. आणि मग कुणी काही न ठरवता चौघेही परसाकडे धावले.

भात आला. कालवण आलं. वाल आले, एजंटानं मास्तरांची नजर चुकवून त्यात मूठभर मीठ टाकलं आणि मास्तरांनी ते बघूनही सत्य बोलायचं टाळलं. कारकुनाच्या एका मापाच्या भाकऱ्या आल्या. धाकट्या म्हाताऱ्यानं एक उलटीपालटी करून विचारलं, "ह्या यंत्रावर करतात काय?" एजंट खोलीवर पळाला आणि तुपाची बरणी घेऊन आला. शेवटी साम्यवादी उठला. ट्रंक उघडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. त्यानं दोन्ही म्हाताऱ्यांच्या ताटात सोड्यांचं लोणचं वाढलं, एकदा नाही, दोनदा. "घ्या हो, संकोच नको, आणखी घ्या," असं तो म्हणत होता आणि त्याचा आवाज किंचित कापत होता.

पुतण्या दाराला टेकून उभा होता. थोरला म्हातारा म्हणाला, "तू बी बस."

"मना भूक नाय."

"बस बोलतो ना."

बसला. पहिला घास रागानं घेतला. कालवणाचा दुसरा घास मात्र त्यानं सावकाश घेतला. तिसऱ्यांदा भात मागून घेतला तेव्हा एजंटाच्या चेहऱ्यावरचा अभिमान बघण्यासारखा होता.

म्हाताऱ्यांनी सावकाश हात धुतले, तंबाखू मळली. मग थोरला पुतण्याकडे वळला. "खानावल बंद हाय बोलतोस तू. मंग मी आता जेवलो कुठं?"

पुतण्या ताटातली उरलेली शितं गोळा करू लागला.

"आन् तू कुठं जेवलास?" धाकट्या म्हाताऱ्यानं विचारलं. "तीन येल भात घेतलास."

पुतण्यानं तोंड उघडलं, पण त्यातून ढेकर आला. म्हाताऱ्यांनी काठ्या उचलल्या. "चालू हाय," थोरला म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

त्याच दिवशी परसातल्या चुली मोडल्या आणि आतली पेटली. साम्यवादी भात लावायचा, एजंट कालवण करायचा, मास्तर वाल सोलायचे, कारकून भाकऱ्या भाजायचा, मी पाणी भरायचो आणि सगळ्यांवर खेकसायचो. ही नेमकी कोणती राज्यपद्धती, ह्यावर चौघांचं काही जमलं नाही. प्रत्येक जण म्हणत होता ही माझीच, फक्त तुम्ही तिचं नाव चुकीचं घेताय. पण वाद घालताना हात चालू असायचे, एवढा फरक पडला होता.

मावशी आल्या त्या एका दुपारी, न कळवता. डोक्यावर गाठोडं, चेहरा उन्हानं रापलेला. मुलगी झाली, लेक बरी आहे, इतकं एका दमात सांगून त्या आत शिरल्या आणि तिथून बोलणी सुरू झाली. भांडी ही अशी कोण घासतं? पाटा कुणी फोडला? भिंत काळी कशानं झाली? आम्ही पाचही जण भिंतीला टेकून, खांद्याला खांदा लावून उभे होतो. मग पुतण्याची सगळी हकिगत मास्तरांनी सांगितली, अर्थातच सगळीच्या सगळी, अळणी आठवड्यासकट. मावशी ऐकत होत्या. ओव्याच्या म्हाताऱ्यांच्या निवाड्यापाशी त्यांनी पदर तोंडाला लावला. हसल्या की रडल्या ते दिसलं नाही.

जेवण तयारच होतं. साम्यवादी म्हणाला, "मावशी, बसा. आज आम्ही वाढतो."

मावशी नको नको म्हणाल्या. आम्ही त्यांना जवळजवळ ढकलूनच पाटावर बसवलं. ताट मांडलं. कारकुनाच्या हातात भाकरी, साम्यवाद्याच्या हातात भाताची वेळणी. आणि दोघेही तिथेच थबकले.

"मावशी," साम्यवाद्यानं विचारलं, "तुम्ही आधी भात घेता की भाकरी?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. इतकी वर्षं दोन वेळा त्या घरात जेवलो, श्रमिकांवर बोललो, स्वातंत्र्यावर बोललो, सर्वोदयावर बोललो. ह्या बाईला जेवताना आमच्यापैकी कुणीही, एकदाही, पाहिलेलं नव्हतं. ती केव्हा जेवते, काय जेवते, तिला तूप चालतं की नाही, काही म्हणजे काही माहीत नव्हतं. साम्यवाद्याची मान खाली गेली. मला स्वतःचीच लाज वाटली.

मावशींना हे कधी कुणी विचारलंच नसेल. त्यांनी ताट जवळ ओढलं आणि त्या म्हणाल्या, "भाकरी द्या." आणि भाकरी हातात घेतल्यावर म्हणाल्या, "तुमी पन बसा. एकटीनं जेवाची सवय हाय मना. पन आज नको."